कॅनडातील मालमोटारीवर आमचा भाचा

दांडिया बाजारात आमचे चाळीस वर्षांचे वास्तव्य. येथे कोणाचा मुलगा कोठे शिकतो आणि कोणाच्या मुलीस कोठून सांगून आले, हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे आमच्या ताईचा मुलगा कॅनडात नेमके काय करतो, ही पृच्छा २०२३ सालापासून आम्हांला वारंवार होऊ लागली. आम्ही दरवेळी एकच उत्तर देत असू, "वाहतूक क्षेत्रात आहे." उत्तर खोटे नव्हते. ऐकणारा मात्र आपल्या मनाशी काचेची कचेरी, फिरती खुर्ची आणि गळ्यात टाय असे चित्र रंगवी, आणि ते पुसून टाकण्याची तसदी आम्ही घेत नसू.

वस्तुतः आमचा भाचा ट्रक चालवतो.

हे सांगताना आमची जीभ का अडखळावी? बडोद्याची मराठी मंडळी गायकवाडी अमदानीत येथे स्थिरावली, ती मुख्यत्वे तलवारीच्या आणि पुढे लेखणीच्या बळावर. आमच्या पूर्वजांपैकी एखाद्याने घोड्याचा लगाम धरला असेल. परंतु चक्र हाती धरून उदरनिर्वाह केलेला मनुष्य आमच्या वंशावळीत नाही. कारकून, शिक्षक, फार तर बँकेतला अधिकारी, इथे आमची कल्पनाशक्ती थबकते. आम्ही स्वतः बँकेतूनच निवृत्त झालो. तेव्हा दोष आमचाही आहेच.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही सपत्नीक त्याच्याकडे गेलो आणि डिसेंबरच्या आरंभी परतलो. ऑन्टारिओ प्रांतातील ब्रॅम्प्टन हे टोरोंटोच्या कुशीतले गाव. मालवाहतुकीच्या कंपन्या, गोदामे आणि ट्रकांचे यार्ड यांनी ते वेढलेले आहे. रस्त्यावर पंजाबी जितकी कानी पडते तितकी इंग्रजी पडत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत झाले. टोरोंटो आणि व्हँकुव्हर या दोन्ही महानगरांच्या परिसरात ट्रक चालवणाऱ्यांत भारतीय उपखंडातून आलेल्यांचा फार मोठा भरणा आहे. पंजाबी माणसाने हा धंदा तेथे दोन पिढ्या केला. गुजरातेतील मुलगे त्यात उशिरा आले, आणि बडोद्याचा मराठी मुलगा तर शोधावाच लागेल.

आमचा भाचा २०१८ साली विद्यार्थी म्हणून गेला. मालपुरवठ्याच्या व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि मग एका गोदामात रात्रपाळीने माल चढवण्या-उतरवण्याचे काम धरले. २०२२ मध्ये त्याला कायम वास्तव्याचा अधिकार मिळाला. घरावर काढलेले कर्ज तेव्हाही ताईच्या डोक्यावर होतेच. गोदामाच्या धक्क्याला रोज पाठ लावून उभे राहणारे ट्रक आणि त्यांतून उतरणारी माणसे तो पाहत होता. माल भरणाऱ्यापेक्षा तो नेणाऱ्याची प्राप्ती बरी, हे कळायला पदविकेची आवश्यकता नव्हती.

आपल्याकडे हा व्यवसाय शिकण्याची रूढ वाट म्हणजे क्लीनर होणे. पोऱ्या चाके ठोकतो, काचा पुसतो, घाटात गाडी थांबली की चाकामागे दगड लावतो, आणि काही वर्षांनी उस्तादाच्या कृपेने चक्र हाती येते. तिकडे क्लीनर नाही. जो चालवतो तोच तपासतो, तोच पुसतो, तोच दगड लावतो, आणि चार हजार किलोमीटर एकटाच जातो. म्हणून उस्तादाची जागा तेथे शाळेने घ्यावी अशी योजना आहे.

ऑन्टारिओत जोड-ट्रक चालवण्याच्या परवान्यास 'ए-झेड' म्हणतात. 'ए' हा वाहनाचा वर्ग आणि 'झेड' म्हणजे हवेच्या ब्रेकची अनुज्ञा. त्यासाठी वय किमान अठरा हवे आणि मोटारगाडीचा 'जी' नावाचा पूर्ण परवाना आधी हाती हवा. शिकाऊ परवाना चालत नाही. आपल्या देशात वीस वर्षे जड वाहन चालवले असले तरी तेथे तो परवाना दाखवून ट्रक मिळत नाही. भारतातील अनुभवाचे अधिकृत पत्र असल्यास मोटारगाडीच्या परीक्षेतील प्रतीक्षाकाळ मात्र कमी होतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, दृष्टीची परीक्षा, लेखी परीक्षा, आणि मग सक्तीचे प्रशिक्षण. ऑन्टारिओने १ जुलै २०१७ पासून ते किमान १०३.५ तासांचे ठरवले. खर्च काही हजार डॉलर. भाच्याने तो गोदामातील बचतीतून केला.

आम्ही गेलो तेव्हा हे प्रशिक्षण चालू होते. रात्री स्वयंपाकघरातील मेजावर तो पुस्तक उघडून बसे आणि आम्ही त्याची उजळणी घेत असू. निवृत्त माणसाला दुसरे काम काय? तेथे आम्हांला कळले की, पुढचा ओढणारा भाग म्हणजे 'ट्रॅक्टर'. आमच्या डोळ्यांपुढे तोवर पादऱ्याचे शेत येत असे! मागचा पेटारा म्हणजे 'ट्रेलर', बहुधा त्रेपन्न फूट लांब. दोहोंना जोडणारी जी पोलादी तबकडी तिला 'पाचवे चाक' म्हणतात, आणि ती चाक मुळीच नाही. ट्रेलरखालची खुंटी या तबकडीच्या जबड्यात अडकली की जोड पुरा होतो. पण अडकली की नाही हे खाली वाकून, विजेरी लावून पाहावे लागते आणि मग गाडी हलकेच पुढे ओढून खात्री करावी लागते. हा आळस केलेल्या नवशिक्यांचा ट्रेलर यार्डातच जमिनीवर बसतो. भाच्याच्या वर्गातील एकाचा बसला.

हवेच्या ब्रेकची गोष्ट आम्हांला सर्वांत रंजक वाटली. मोटारीचा ब्रेक निकामी झाला म्हणजे गाडी थांबत नाही, असे आपण धरून चालतो. ट्रकचे उलट आहे. उभ्या गाडीचा ब्रेक एका जबर कमानीने दाबलेला असतो. टाकीत पुरेशी हवा साठली की ती कमान मागे सरते आणि तेव्हाच चाके मोकळी होतात. हवा गळू लागली तर आधी इशारा वाजतो, आणि तरीही चालक हलला नाही तर कमान आपले काम करते. कडाक्याच्या थंडीत मात्र हवेतील ओलावा नळ्यांत गोठतो, म्हणून टाक्यांतले पाणी नियमाने काढावे लागते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापतात आणि पकड सोडतात. सबब माथ्यावरच खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या अवरोधाने उतरायचे. कसारा घाट उतरणारा आपला जुना ड्रायव्हर हेच करतो. त्याला पुस्तक लागले नाही इतकेच.

शाळेच्या पहिल्याच दिवशी शिक्षकाने एक हकीकत सांगितली होती. ती भाच्याने आम्हांला जशी सांगितली तशी येथे देतो, कारण तिच्यावाचून पुढचे समजणार नाही.

६ एप्रिल २०१८ रोजी सास्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट या छोट्या गावाचा तरुण हॉकी संघ बसने सामन्यासाठी निपाविनकडे निघाला होता. ३५ आणि ३३५ क्रमांकांच्या मार्गांच्या चौफुलीवर दोन ट्रेलर जोडलेला, पीट मॉस नावाच्या शेवाळमातीने भरलेला एक ट्रक थांबण्याची खूण ओलांडून पुढे आला आणि बस त्याच्यावर आदळली. सोळा जण मृत्युमुखी पडले, तेरा जखमी झाले. चालक आपल्याच देशातून गेलेला तरुण होता. त्या कंपनीत त्याला एक महिना झाला होता. पैकी दोन आठवडे मालक सोबत होता आणि दोन आठवडे तो एकटा. मागील ट्रेलरवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती आणि तो आरशातून तिच्याकडे पाहत होता. चौफुलीपूर्वीच्या चार सूचनाफलकांपैकी एकही त्याच्या ध्यानात आला नाही. अपघातापूर्वीच्या दिवसांतील त्याच्या नोंदवहीत व तपासणीच्या कागदांत पुढे सत्तर नियमभंग आढळले. तत्पूर्वी रस्त्यात कोणी ती वही तपासली असती, तर त्याला तेथेच बहात्तर तास थांबवले गेले असते.

त्याने न्यायालयात अपराध कबूल केला, खटला लढवला नाही. मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या एप्रिलात कॅनडाभर लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. खेळायला गेलेली मुले परत आली तर त्यांना हव्यात म्हणून.

या घटनेपूर्वी सक्तीचे प्रशिक्षण फक्त ऑन्टारिओत होते. नंतर २०१९ मध्ये सास्कॅचवान, आल्बर्टा व मॅनिटोबा यांनी आणि २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने ते लागू केले. तास कागदावर पुरे दाखवून प्रत्यक्षात कमी शिकवणाऱ्या शाळाही आहेत, असे तेथील वृत्तपत्रांतून आम्ही वाचले. भाच्याची शाळा तशी नव्हती, हे त्याचे भाग्य.

ऑगस्टअखेर तो परीक्षा उत्तीर्ण झाला. सौभाग्यवतींनी शिरा केला. परवाना हाती आला म्हणजे काम झाले, असे आम्हांला वाटले. पण खरी सुरुवात पुढेच होती.

नव्या चालकाला कोणी कामावर ठेवू इच्छीत नाही. विमा कंपन्या दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात, आणि अनुभव नोकरीवाचून येत नाही. मोठ्या कंपन्यांपैकी काही नवशिक्यांना घेऊन अनुभवी चालकासोबत काही आठवडे फिरवतात; पण तेथे रांग असते आणि आरंभीचे वेतन बेताचे. दुसऱ्या बाजूस मूठभर ट्रक बाळगणारे लहान मालक असतात, ते उद्यापासून ये म्हणतात. भाच्याला असाच एक मालक भेटला. त्याची अट एवढीच की, नोकर म्हणून न येता स्वतःच्या नावाने कंपनी नोंदवून ये. मैलांप्रमाणे पूर्ण रक्कम हाती देईन, कपात काही नाही. (त्या देशात फलक किलोमीटरचे, पण मजुरी बहुधा मैलांची!) भाचा साशंक होता. आम्ही मात्र बँकेतल्या अनुभवाच्या तोऱ्यात म्हणालो, "अरे, हाती जास्त येते तर वाईट काय?"

वाईट काय ते पुढे समजले. ट्रक मालकाचा, वेळापत्रक मालकाचे, हुकूम मालकाचा. आणि कागदोपत्री आपण नोकर नाही. म्हणजे भरपगारी रजा नाही, बेकारीचा विमा नाही, आणि कराचा हिशेब आपल्याच गळ्यात. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेणाऱ्यांना कॅनडाचा केंद्रीय कामगार कायदा लागू होतो आणि नोकराला अशा रीतीने बिगर-नोकर ठरवणे त्या कायद्याला संमत नाही. तरी हा प्रकार सर्रास चालतो आणि त्यात सापडतात ते बहुशः आपल्यासारखे नवागत.

सोबतीच्या चालकाबरोबर त्याला तीन आठवडे मिळाले, तेही सारे ऑन्टारिओत. नोव्हेंबरात त्याला एकट्याला पश्चिमेस धाडण्यात आले, प्रथम कॅल्गरी आणि तेथून व्हँकुव्हर परिसर. नकाशावर बोट फिरवून पाहा: ब्रॅम्प्टनहून निघालेला ट्रक ऑन्टारिओ प्रांत ओलांडतो तेव्हा दुसरा दिवस संपत आलेला असतो. सुपीरिअर सरोवराच्या उत्तर काठाने जाणारा मार्ग बराचसा दुपदरी आहे. वावा, व्हाइट रिव्हर, मॅरेथॉन अशी गावे दूरदूर विखुरलेली. वादळ झाले की रस्ता बंद होतो आणि रात्री मूस नावाचा घोड्याहून उंच प्राणी अंधारातून पुढ्यात येतो.

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी मार्गांवर ऑक्टोबर ते एप्रिल या काळात जड वाहनात साखळ्या बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. बर्फात चाकांना त्या गुंडाळाव्या लागतात. भाच्याने त्या कधी हाताळल्या नव्हत्या. मालक म्हणाला, पेटीत आहेत, चित्रफीत पाहून घे. रॉजर्स खिंडीच्या अलीकडे, गोल्डन गावाजवळ फलकाने साखळ्या लावण्याचा आदेश दिला आणि आमचा भाचा गुडघाभर बर्फात, हाताची बोटे बधिर झालेली, त्या लोखंडी जंजाळाशी झुंजत बसला. अखेर शेजारी थांबलेला एक वयस्क सरदारजी खाली उतरला. त्याने एक चाक स्वतः बांधून दाखवले, ते सोडले, आणि मग याच्याकडून सगळी चाके बांधून घेतली. अडीच तास गेले. त्या गृहस्थाचे नावही भाच्याला ठाऊक नाही. जाताना तो एवढेच म्हणाला की, ज्या मालकाने हे न शिकवता तुला इकडे धाडले, त्याच्याकडे दुसरा हिवाळा काढू नकोस.

परतीच्या वाटेवर कॅमलूप्स येथे त्याचे तास संपले. कॅनडाच्या नियमाप्रमाणे दिवसात तेरा तासांहून अधिक चालवता येत नाही, कामावरचे चौदा तास झाले की चक्राला हात लावता येत नाही, आणि सलग आठ तास विश्रांती घ्यावीच लागते. पूर्वी हा हिशेब कागदी वहीत असे आणि दोन वह्या ठेवणारे महाभागही असत. १ जानेवारी २०२३ पासून इंजिनाला जोडलेल्या यंत्रावर नोंद ठेवण्याच्या सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली. कचेरीतून फोन आला: माल सकाळी कॅल्गरीला पोचलाच पाहिजे; यंत्रातून तुझे नाव काढ आणि अमुक चालकाच्या नावाने आत जा. तो अमुक चालक त्या वेळी ब्रॅम्प्टनमध्ये घरी झोपलेला होता.

आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. भाच्याने फोन केला. "मामा, काय करू?"

येथे आम्हांला लपवण्यासारखे वाटते तेच लिहिले पाहिजे. हम्बोल्टची हकीकत आम्ही त्याच्याच तोंडून ऐकली होती. सत्तर नियमभंग, ताडपत्री, काठ्या, सारे ठाऊक होते. पण त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे आले ते ताईचे कर्ज आणि जुळत आलेली नोकरी. आम्ही म्हणालो, "पहिलीच नोकरी आहे. मालक सांगतो तसे एकदा करून टाक."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तुम्ही झोपा मामा. थंडी फार आहे तिकडे?" आणि फोन ठेवला. त्याने इंजिन बंद केले, यंत्रावर विश्रांतीची नोंद केली आणि केबिनमागच्या फळीवर आठ तास झोपला. माल उशिरा पोचला. ब्रॅम्प्टनला परतताच चाव्या काढून घेण्यात आल्या आणि तीन आठवड्यांची मजुरी अडकवण्यात आली. त्याने कामगार खात्याकडे तक्रार गुदरली. काही रक्कम पुढे मिळाली, सर्व नाही.

आम्ही परतीच्या विमानात बसलो तेव्हा तो बेकार होता. विमानतळावर त्याला काय म्हणावे हे आम्हांला सुचले नाही. त्यानेच आमचा हात हाती घेतला.

जानेवारीत एका मोठ्या कंपनीने त्याला नोकर म्हणून घेतले. सहा आठवडे अनुभवी चालक शेजारी बसला. वेतन आधीच्यापेक्षा कमी, पण रजा, विमा आणि कपातीचा कागद सर्व रीतसर. साखळ्या बांधण्याची परीक्षा त्यांनी यार्डातच घेतली. कंपनीचे बरेच ट्रक अमेरिकेत जातात. भारतीय पारपत्र असलेल्याला मात्र कॅनडात कायम वास्तव्य असूनही त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून तो कॅनडातच फेऱ्या करतो.

मध्यंतरी रावपुऱ्यातील एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हांला गाठले. त्यांच्या चिरंजीवास एक दलाल कॅनडात ट्रकचालकाची नोकरी 'मिळवून देणार' होता. मालकाच्या परवानगीपत्राची किंमत म्हणून त्याने लाखांचा आकडा सांगितला होता. आम्ही त्यांना सांगितले की, परदेशी कामगार बोलावण्याच्या खर्चाचा भार कामगारावर टाकणे कॅनडाच्या कायद्याने निषिद्ध आहे. जो पैसे मागतो तो आरंभीच कायदा मोडतो. शिवाय येथील परवाना तेथे ट्रकसाठी चालत नाही, हे त्या दलालाने त्यांना सांगितले होते का? नव्हते. मग ते किंचित घुटमळून म्हणाले, "पण आपल्याला एवढी माहिती कशी?"

"आमचा भाचा तिकडे ट्रक चालवतो," आम्ही म्हणालो. मग त्यांना वर नेऊन बसवले, भाच्याला फोन लावला आणि त्यांच्या मुलाला जे विचारायचे ते विचारू दिले. पाऊण तास चालले.

ताईने स्वयंपाकघरात भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर तिने कॅनडातील निरनिराळ्या प्रांतांच्या वेळा आपल्या हाताने लिहिल्या आहेत, म्हणजे तो चालवत असताना चुकून फोन जाऊ नये. विश्रांतीच्या तासांतच तो बोलतो. काल त्याचा फोन थंडर बेहून आला. पश्चिमेला निघाला होता. पूर्वी ती प्रथम विचारीत असे, जेवलास का. काल तिने विचारले, "साखळ्या मोजून घेतल्यास ना रे?"